कापड कुणी विणलं?

भिगवणला घरी बसून कोड लिहिता लिहिता मी आणि माझ्या बहिणीने कुर्त्यांचा छोटासा ब्रँड सुरू केला. पहिल्या खेपेला मी एकच प्रश्न विचारला: मीटरमागे सर्वांत स्वस्त कुठलं? धुऊन न बघता शंभर मीटर उचललं. कुर्ते पहिल्याच धुण्यात आटले. चूक माझीच. सॉफ्टवेअर टेस्ट केल्याशिवाय देत नाही, कापड मात्र तसंच घेतलं.

मग मालेगाव गाठलं. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या अनेक पिढ्या तिथे मागावर राबल्या. आजही शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. तिथे मुख्यतः ग्रे, म्हणजे कोरं कापड निघतं. त्यातलं बरंचसं रंगाईसाठी राजस्थानात पाली, बालोत्र्याला जातं. मेहनत मालेगावची, रंग चढल्यावर वाढलेला भाव मात्र दुसरीकडेच राहतो.

दोस्तांनो, नोकरी सांभाळून ब्रँड काढणारे आपल्यात बरेच आहेत. एकट्याची ऑर्डर लहान, म्हणून आपण दलालाकडे जातो आणि उधारी मागतो. त्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून ताके घ्यावेत, मीटरभर कापड धुऊन, वाळवून मोजावं आणि पैसे वेळेवर द्यावेत. दोन रुपये जास्त लागतील, लागू द्या. आपल्याला पगार एक तारखेला हवा असतो. विणणाऱ्यालाही घर चालवायचं असतं.

इन्स्टाग्रामवर ‘एथिकल’ लिहिण्याआधी स्वतःला विचारू: विणणाऱ्याचे पैसे पोहोचले का?