मंडळी, राज्य आणि टिळकांचा दरबार

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासात रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या ‘देवाच्या दरबारा’ची नोंद बहुधा चरित्राच्या अखेरच्या प्रकरणापुरती घेतली जाते. ही उपेक्षा समर्थनीय नाही. टिळकांच्या भक्तिकाव्याची वैचारिक बैठक तेथेच स्पष्ट होते.

मराठी बायबलात ‘मंडळी’ आणि ‘देवाचे राज्य’ हे दोन भिन्न शब्दप्रयोग आहेत. त्यांना एकरूप मानणारा विचारही ख्रिस्ती परंपरेत जुना आहे. परंतु मंडळी म्हणजेच राज्य असे ठरले, की सभासदत्वाची सीमा हीच देवाच्या सत्तेची सीमा ठरते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांना ही सीमा पुढे अपुरी वाटली. १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यास दरबार स्थापला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. ‘दरबार’ हा शब्दही सूचक आहे: राज्याला सीमा असते, दरबारात राजा समक्ष भेटतो.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची भजने मात्र मंडळीच्याच उपासनेत आजही गायिली जातात. राज्य मंडळीहून मोठे असले, तरी त्याची वाणी जतन करावयास मंडळीच लागते, हे येथे मान्य करावे लागते.

गेवराईसारख्या गोदाकाठच्या तालुक्यातील विद्यार्थ्यांना दिंडी आणि देऊळ यांतील भेद व नाते सांगावे लागत नाही. त्या आधारे टिळक शिकविले, तर त्यांचे काव्य निव्वळ धर्मांतराचे फलित म्हणून वाचले जाणार नाही.