कीवर्ड टूलमध्ये आकडाच नाही, म्हणजे गिऱ्हाईक नाही?

भिवंडीत गोडाऊन भाड्याने मिळवून देणाऱ्या माझ्या मित्राने परवा एक स्क्रीनशॉट पाठवला. ‘भिवंडी गोडाऊन भाड्याने’ यासमोर गुगल कीवर्ड प्लॅनरमध्ये आकड्याऐवजी नुसती रेघ होती. खाली त्याचा मेसेज: “वेबसाइटचे पैसे वाचले म्हणायचं?”

मी म्हटलं, थांब जरा. ती रेघ म्हणजे शून्य गिऱ्हाईक नव्हे. सर्च फारच कमी असले तरी टूल आकडा देत नाही. शिवाय भिवंडीत तीच गरज माणसं हिंदीत टाकतात, नाहीतर इंग्रजी अक्षरांत ‘वेअरहाऊस ऑन रेंट’ लिहितात. त्या सगळ्या ओळी वेगळ्या तपासाव्या लागतात.

आकडा दिसला तरी तो जसाच्या तसा घेऊ नका. जाहिरातीवर खर्च नसलेल्या अकाउंटला बहुतेकदा ‘१ हजार ते १० हजार’ असा ढोबळ पट्टाच दिसतो. आणि तो साधारण १२ महिन्यांची सरासरी असतो. समजा ‘दहावी निकाल’ एकाच महिन्यात १,२०,००० वेळा शोधला, बाकी महिने शून्य. सरासरी येईल १०,०००, पण तसा महिना प्रत्यक्षात एकही नाही! गुगल ट्रेंड्समधला १०० तर सर्चची संख्याच नाही; तो फक्त त्या काळातला सर्वोच्च बिंदू.

मित्राला मी सांगितलं, लोकेशन ‘भारत’ऐवजी भिवंडी-ठाणे ठेव, एकच साधं पान बनव आणि तीन महिने सर्च कन्सोल बघ. तिथे तुझ्या पानापर्यंत आलेले खरे शब्द दिसतील. मोठा खर्च त्यानंतर.