सांगणाऱ्याचं नाव पोटात ठेवा

तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमीन घोटाळे उघड करायचे. त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. तरी 13 जानेवारी 2010 ला त्यांचा खून झाला. जागल्यांसाठी 2014 चा कायदा मंजूर झाला, पण तो सरकारी कारभारापुरता. शेअर बाजारातल्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने तक्रारीची सोय ठेवावीच लागते. नगरच्या मार्केट यार्डातल्या तुमच्या दुकानाला यातलं काहीच लागू नाही. नियम तुम्हीच करायचा.

चार कामगारांत तक्रारपेटी चालत नाही, अक्षर लगेच ओळखू येतं. समोरासमोर ऐका, तेही दुकानाबाहेर. मग एकाचीच झडती नको. सगळा गल्ला, सगळा स्टॉक मोजा. पुरावा मिळेपर्यंत कुणाला चोर म्हणू नका. आणि सख्खा मेहुणा सापडला तरी सांगणाऱ्याचं नाव फोडू नका. एकदा फुटलं की पुढची चोरी तुम्हाला कुणीच सांगणार नाही.