कुलूप नाही, कोयंडा बघा



घरफोडीची मराठी बातमी वाचली की दोन शब्दप्रयोग हमखास भेटतात: 'कडी-कोयंडा उचकटून' आणि 'शटर वाकवून'. 'कुलूप उघडून' असं क्वचितच वाचायला मिळतं. या महिन्याचा विषय या दोन शब्दप्रयोगांतच आहे. आपण महागातलं महाग कुलूप आणतो आणि चोर त्या कुलपाकडे बघतसुद्धा नाही. कुलूप ज्याला अडकवलंय, ती गोष्ट तो उचकटतो.

विषय काढायचं कारण म्हणजे आपली बदललेली घरं. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली मंडळी मांजलपूर, वासणा, भायलीकडे टेनामेंट आणि ड्युप्लेक्समध्ये गेली. गाडी आली, गाडीसाठी पुढे बंदिस्त पार्किंग आलं, त्याला रोलिंग शटर आलं. मुलं पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात, आणि घरी सत्तरीतले आई-बाबा. त्या पार्किंगमधून स्वयंपाकघरात उघडणारं एक दार असतं. घरातलं सगळ्यात कमजोर दार बहुधा तेच. पुढच्या दाराला सागवान, पितळी कडी आणि जाळीचा सेफ्टी डोअर. या दाराला साधा फ्लश डोअर आणि बोटाएवढा बोल्ट. कारण काय, तर 'ते काय, आतलंच दार आहे'.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीत एका घरी हेच झालं. मंडळी कुलदैवताला गेली होती. शटर मधून उचललं गेलं, आतलं दार खांद्याच्या धक्क्याने उघडलं. पार्किंगमध्ये भिंतीला टेकवलेली पहार त्यांचीच होती, तीच कपाट फोडायला वापरली. माणसं घरी नव्हती म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्याकडे सगळे एकच प्रश्न घेऊन येतात: 'कुठला कॅमेरा लावू?' माझं उत्तर असतं, कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी खाली जाऊन शटर हलवून बघू.

शटर कुठे हरतं?

शटर म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. त्या दोन बाजूंच्या गाइडमध्ये सरकतात आणि खाली एक जाड पट्टी असते. फक्त मध्ये कुलूप असेल तर कडा उचलता येतात. फक्त दोन टोकांना असेल तर मधला भाग पहारीने किंवा गाडीच्या जॅकने वर वाकवता येतो. म्हणून रुंद शटरला दोन टोकं आणि मध्य, अशा तीन ठिकाणी पकड हवी. नवीन शटर घेताना पत्र्याचा गेज विचारा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. 22 पेक्षा 18 गेज भक्कम. धातूच्या रोलिंग शटरसाठी आयएस 6248 हे भारतीय मानक आहे, कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख मागायला हरकत नाही.

जुन्या वाड्याच्या दाराला आतून अडसर असायचा, आठवतो? त्या लाकडाची दोन्ही टोकं भिंतीत जायची. धक्का दाराला बसला तरी भार भिंत घ्यायची. शटरलाही हेच लागू आहे. आतल्या बाजूने दोन्हीकडे जाड बोल्ट लावायचे, ते गाइडच्या आरपार भिंतीत जातील असे. हे काम फॅब्रिकेटर एका दुपारीत करतो आणि त्याचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा कमी येतो. गावाला जाताना बोल्ट आतून लावा आणि पुढच्या दाराने बाहेर पडा. मग शटरवर बाहेरून तोडायला कुलूपच उरत नाही, आणि 'घर बंद आहे' ही पाटीही लागत नाही.

आतल्या दाराचा कोयंडाही तपासा. त्याचे स्क्रू पार्किंगच्या बाजूने दिसत असतील तर स्क्रू-ड्रायव्हर पुरेसा आहे. तिथे आरपार जाणारे बोल्ट घालून नट घराच्या आत घ्यावेत. बिजागऱ्यांचे स्क्रू लांब हवेत, म्हणजे ते चौकटीत खोलवर जातात. दार पोकळ असेल तर भरीव घ्या. खर्च करायला एकच जागा निवडायची असेल तर मी हे दार निवडेन. शटर गेलं तर सायकल जाते. हे दार गेलं तर चोर आई-बाबांच्या खोलीपर्यंत येतो.

रिमोट आणि यमाताराजभानसलगा

आता माझ्या धंद्यातला भाग. मोटर लावलेल्या शटरचा रिमोट दोन प्रकारचा असतो. एकात कोड कायम तोच, दुसऱ्यात प्रत्येक वेळी बदलणारा, म्हणजे रोलिंग कोड.

कायम कोडच्या जुन्या रिमोटमध्ये आत छोट्या स्विचची रांग असते. 12 स्विच असतील तर 4096 कोड होतात. प्रत्येक कोड वेगळा पाठवायचा तर 12 गुणिले 4096, म्हणजे 49,152 बिट्स लागतील. पण असे बरेच रिसीव्हर एक कोड कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे बघत नाहीत. शेवटचे 12 बिट जुळले की दार उघडतात.

इथे शाळेतलं वृत्तांचं सूत्र आठवा: यमाताराजभानसलगा. अक्षरं फक्त 10, पण कुठलीही सलग तीन घ्या, एक नवा गण मिळतो. यमाता, मातारा, ताराज... असे लघु-गुरूचे आठही गण त्यात बसतात. वेगवेगळे लिहिले तर 24 अक्षरं लागली असती. गणितात अशा रचनेला डी ब्रॉइन सीक्वेन्स म्हणतात. हीच युक्ती 12 बिट्सना लावली की 49,152 ऐवजी 4107 बिट्समध्ये सगळे कोड पाठवून होतात. 2015 मध्ये सॅमी कमकार या अमेरिकन सुरक्षा-संशोधकाने मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून दाखवून दिलं की असे गॅरेज काही सेकंदांत उघडतात. ज्या सूत्रावर आजोबांनी वृत्तं पाठ केली, त्याच कल्पनेवर दार उघडतं!

आपल्याकडचे बरेच स्वस्त रिमोट स्विचचे नसतात, पण कोड त्यांचाही कायमच असतो. ओळखायची खूण सोपी: चावीवाला दोन रिमोट शेजारी धरून तुमच्या रिमोटची नक्कल करून देत असेल, तर कोड कायमचा आहे. ड्रायव्हर, गॅरेजवाला, कुणाच्याही हातात रिमोट पाच मिनिटं राहिला की नक्कल होऊ शकते. मोटर घेताना 'रोलिंग कोड आहे का?' असं स्पष्ट विचारा. जुनी मोटर चांगली असेल तर बऱ्याचदा फक्त रिसीव्हर आणि रिमोट बदलून भागतं.

आणखी तीन गोष्टी:

1. रिमोट गाडीत ठेवू नका. त्याच गाडीत पत्ता छापलेली आरसी असेल तर ती चावी आणि पत्ता एकत्र ठेवल्यासारखी गोष्ट आहे. आरसी डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये चालते.

2. गावाला जाताना आणि रोज रात्री मोटरचा स्विच घरातून बंद करा. वीज नाही तर रिमोट म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. मात्र क्रम लक्षात ठेवा: आधी स्विच बंद, मग बोल्ट. बोल्ट लावलेला असताना मोटर चालली तर पट्ट्या वाकतात.

3. वीज गेल्यावर शटर हाताने उघडायची सोय बाहेरच्या बाजूला असेल तर तो चोरालाही रस्ता आहे. घरातून पार्किंगमध्ये जायला दार असेल तर ही सोय आतच ठेवायला सांगा.

कॅमेरा जरूर लावा, पण तो बघतो, अडवत नाही. आणि त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने असे मूळ पासवर्ड वापरूनच जगभरातले कॅमेरे ताब्यात घेतले होते.

आईच्या हातात बसेल ते

तरुण मंडळींना एक विनंती. आपण सुट्टीत येतो, ॲप टाकतो, चार गॅजेट्स लावतो आणि परत जातो. त्यानंतर रोज रात्री बंद करायचं काम आई-बाबांचं. बोल्ट जमिनीलगत असेल आणि आईचे गुडघे दुखत असतील, तर तो बोल्ट दोन आठवड्यांत लावला जाणं बंद होतं. म्हणून बोल्ट कमरेच्या उंचीवर घ्या, हाताला पकडायला मोठी मूठ लावा, मोटरचा स्विच स्वयंपाकघरातच आणा. वीज गेलेली असताना, अंधारात, त्यांना स्वतःला शटर उघडून बाहेर पडता येतं का, ते एकदा त्यांच्याकडूनच करून घ्या. चोराला अडवणारं दार आग लागली तर आपल्या माणसांना अडवणारं नको.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा पार्किंगमधली पहार, शिडी आणि खिळ्याला टांगलेली जादा चावी आत घ्या. मग शटर मधोमध धरून वर ओढून बघा. किती उचललं गेलं, ते मला नक्की कळवा.