मत : दान की अधिकार?

निवडणूक आली की भिंतीभिंतींवर ‘मतदान करा’ अशी आर्जवे झळकू लागतात. या शब्दावर आमचा जुना राग आहे. धर्मशास्त्राप्रमाणे दान म्हणजे वस्तूवरील आपले स्वत्व सोडून ते दुसऱ्याचे करणे. दिल्या दानाचा हिशेब मागायचा नसतो! लोकप्रतिनिधींना हा शब्द इतका गोड का वाटतो, हे सुज्ञांस निराळे सांगणे नलगे.

खरा शब्द मताधिकार. ‘मत’ हे संस्कृत ‘मन्’ धातूचे रूप. मती, मनन ही त्याचीच भावंडे. म्हणजे मत ही चिठ्ठी नव्हे, यंत्राचे बटणही नव्हे. विचारांती ठरविलेली गोष्ट होय. कानडीतही हाच शब्द चालतो. मात्र तेथे त्याचा धर्म वा पंथ असाही अर्थ आहे. निवडणुकीच्या दिवसांत काहींना नेमका तोच आठवतो.

‘अधिकार’ शब्दाचा इतिहास अधिक टोचणारा. जुन्या ग्रंथांत अधिकार म्हणजे पात्रता. वेदाध्ययनाचा अधिकार कोणाला, हा प्रश्न निघे तो बहुतेकांना वगळण्यासाठीच. इंग्रजांचा ‘फ्रँचाइज’ही मुळात राजाने दिलेली सवलत, आज तो शब्द दुकानांच्या शाखा विकण्याच्या कामी येतो! १९१९ च्या सुधारणांनी मत दिले ते सारा भरणाऱ्याला, मालमत्तावाल्याला. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनकडे प्रौढ मताधिकारच मागितला. १९५० च्या घटनेतील ३२६ व्या कलमाने संपत्तीची व शिक्षणाची अट ठेवलीच नाही. ठेवली ती वयाची, २१ वर्षांची. १९८९ पासून तीही १८ वर आली. पात्रतेचा हक्क झाला तो असा.

गोमंतकाने याहून सुंदर शब्द वापरला : जनमत कौल. कौल म्हणजे अरबीत वचन. आमच्या देवळांत मूर्तीला पाकळ्या लावून देवाला कौल विचारतात. १६ जानेवारी १९६७ रोजी जनता देवाच्या जागी बसली आणि सरकार हात जोडून समोर उभे राहिले. कौल ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाविरुद्ध गेला. आम्हांला तो रुचला नाही. पण विचारला गेला, हे नाकारता येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार यांना असा कौल आजवर कोणत्याही सरकारने विचारलेला नाही.