जमाखर्चाची वही : जुनी वेगवान मोटार

गेल्या दोन अंकांत घराच्या डागडुजीचा हिशेब आपण पाहिला. या वेळचा विषय आमच्याच घरांतून आलेला असल्यामुळें लिहितांना थोडा संकोच वाटतो. परंतु पुष्कळ घरांतील तरुण मंडळींच्या मनांत तो सध्यां घोळत आहे, म्हणून संकोच बाजूला ठेवतों.

२०२४ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास आमच्या धाकट्या बंधूंचा थोरला मुलगा एक कागद घेऊन माझ्यापुढें येऊन बसला. कागदावर एका जर्मन बनावटीच्या मोटारीचें वर्णन होतें. गाडी २०१४ सालची. दोन लिटरचें, टर्बो बसविलेलें पेट्रोल एंजिन. सुमारें अडीचशें अश्वशक्ति. चाल ६२ हजार किलोमीटर. कोरी असतांना ही गाडी चाळीस लाखांच्या वर गेली होती. आतां मागणी होती साडेबारा लाखांची. "काका, साधी नवी गाडी घ्यावयाची म्हटली तरी बारा लाख पडतातच. त्याच पैशांत ही मिळत असेल तर काय हरकत आहे?" असा त्याचा प्रश्न. पैसे त्याचे स्वतःचे, नोकरीच्या सात वर्षांत सांठविलेले. प्रश्नांत वावगें कांहीं नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर गाडीचें चित्र पाहून माझेंही मन क्षणभर चळलें.

आमच्या मातोश्रींनीं लगेच 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही म्हण काढली. पण ती येथें नीटशी बसत नाहीं. कोंबडी मुळांत चार आण्यांची नव्हतीच, आणि मसाला तिच्या मूळच्या किंमतीच्या मानानें रास्तच आहे. खरी गोम निराळी आहे. गाडीची किंमत वर्षावर्षाला उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं, उलट चढतेच. ब्रेकची तबकडी विकणारा दुकानदार आपली गाडी दहा वर्षांची झाली म्हणून तबकडी पाव किंमतीला देत नाहीं. साडेबारा लाखांना विकत घेतलेली ही मोटार पोसण्याच्या कामीं चाळीस लाखांचीच राहते. बाजारांत ती इतकी स्वस्त झाली याचें एक मोठें कारणही हेंच. पहिल्या धन्याला पुढचा खर्च दिसूं लागलेला असतो. ज्या वेगवान गाड्यांना येथल्या कारखान्यांतून चांगली देखभाल मिळते व ज्या संख्येनें थोड्या आल्या, त्यांचे भाव असे कोसळत नाहींत. स्कोडाची ऑक्टाव्हिया आर.एस. २०२० सालीं या देशांत अवघ्या २०० विक्रीस आल्या; त्यांतली एखादी जुन्या बाजारांत निघाली तर तिला आजही गिऱ्हाईक वाट पाहून असतें.

हें सर्व मीं त्याला सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें व वैशाखांत गाडी घेतली. मीं एकच अट घातली, कीं पहिल्या वर्षाची पै न् पै माझ्या वहींत लिहावयाची. ती त्यानें पाळली, म्हणून हा लेख लिहितां येतो.

पेट्रोलची बाब सर्वांना ठाऊक असते, म्हणून ती लवकर आटोपतों. वर्षांत गाडी ९ हजार किलोमीटर चालली. पुण्याच्या गर्दींत व अधूनमधून बाहेरगांवीं मिळून लिटरला नऊ किलोमीटर पडले. म्हणजे एक हजार लिटर, रुपये १ लाख ४ हजार. लहान गाडीला याच्या जवळजवळ निम्म्यांत भागलें असतें. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें आतां शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल असतें, आणि जुन्या धर्तीच्या चारचाकी गाड्यांचें अंतर त्यामुळें शेंकडा ६ ते ७ घटेल असा अंदाज नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतच दिला होता. अडीचशें अश्वांना हा चारा थोडा बेचव लागतो, इतकेंच. शिवाय पुणें-मुंबई द्रुतगति मार्गाच्या सपाटीवरही मोटारीला वेगाची मर्यादा ताशीं १०० किलोमीटरचीच. तेव्हां यांतले निदान दीडशें अश्व बहुधा तबेल्यांतच उभे असतात.

विम्याचे ३६ हजार पडले. १५०० घन सेंटिमीटरांवरील खाजगी मोटारीला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा २०२२ च्या दराप्रमाणें ७,८९७ रुपये. बाकीचा हप्ता स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीं व करापोटीं. येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. अपघात न झाल्याबद्दल हप्त्यांत जी सूट मिळते ती गाडीची नसून धन्याची असते. विकणाऱ्याची पन्नास टक्के सूट आपल्याला मिळेल या भरंवशावर राहूं नये. आणि गाडी नांवावर झाल्यावर चौदा दिवसांच्या आंत विमाही आपल्या नांवें करून घ्यावा. पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांतून गाडी हांकून एंजिनांत पाणी शिरलें, तर तें नुकसान साध्या विम्यांत बहुधा बसत नाहीं. त्यासाठीं वेगळें कलम घ्यावें लागतें. आमच्या पुतण्यानें तें घेतलें होतें, हें त्याच्या शहाणपणाचें लक्षण.

आतां टायर. गाडी घेतांना नक्षी चांगली खोल दिसत होती, म्हणून कोणी बारकाईनें पाहिलें नाहीं. टायरच्या बाजूवर चार आंकडे उमटविलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर '२६१७' होतें, म्हणजे २०१७ च्या सव्विसाव्या आठवड्यांतले. सात वर्षांचें रबर बाहेरून धडधाकट दिसलें तरी आंतून कडक झालेलें असतें, आणि ज्या गाडीला वेग आहे तिला असलीं पादत्राणें घालणें म्हणजे जीवाशीं खेळ. चारही बदलले, हवा गेल्यावरही कांहीं अंतर चालणाऱ्या जातीचे असल्यामुळें नगास २० हजार, एकूण ८० हजार. शिवाय या टायरांची रुंदी २२५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या शेंकडा ४५, म्हणजे जेमतेम १०१ मिलिमीटर. रस्त्यांतला खड्डा आणि चाकाची धातूची कड यांच्यामध्यें एवढेंच काय तें रबर.

गिअरपेटीची कथा मला फार आवडली, कारण ती हिशेबनिसाच्या धंद्यांतली वाटते. ही पेटी आठ गतींची, आपोआप गति बदलणारी. असल्या पेटींतलें तेल 'जन्मभराचें' आहे, बदलण्याची गरज नाहीं, असें कित्येक मोटार-कारखाने सांगतात. जन्म कोणाचा, हें मात्र सांगत नाहींत. उलट आठ गतींच्या पेट्या बनविणारा झेड.एफ. हा जर्मन कारखाना स्वतः म्हणतो, कीं ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांनंतर, किंवा आठ वर्षांनीं, तेल बदलावें. पहिला धनी तीन-चार वर्षांत गाडी विकतो. त्याला हें तेल जन्मभर पुरलें. दुसऱ्यालाही कदाचित् पुरलें. तिसऱ्याच्या दारीं तें काळें होऊन येतें. तेलाबरोबर खालचें प्लास्टिकचें तबकही बदलावें लागतें, कारण गाळणी त्यांतच बसविलेली असते. खर्च ३६ हजार. पुढच्या ब्रेकच्या तबकड्या व पट्ट्या ४२ हजार. नेहमींची वार्षिक देखभाल, एंजिनाचें तेल व गाळण्या धरून, १८ हजार.

आश्विनांत साताऱ्याहून परततांना खंबाटकी घाटांत गाडीनें उष्णतेचा तांबडा दिवा दाखविला. एंजिनांत पाणी खेळविणारा विजेचा पंप बंद पडला होता. या यंत्रांत पंप हळूहळू कुरकुरत मरत नाहीं. चालतां चालतां एकदम थांबतो. पुतण्यानें गाडी तत्काळ कडेला घेऊन एंजिन बंद केलें, म्हणून एंजिन वांचलें. गाडी दुसऱ्या वाहनावर घालून पुण्यास आणली. पंप, तापनियंत्रक झडप व मजुरी मिळून ५५ हजार, आणणावळ ६ हजार.

येथपर्यंत पैशांची गोष्ट झाली. दिवाळीनंतर घरची वही मिळवीत असतां मला एक नोंद जुळेना. वहिनींच्या भिशींतून बारा हजार रुपये निघालेले होते आणि ते कोठें गेले याची नोंद नव्हती. हा पुतण्या आपल्या धाकट्या बहिणीस दरमहा बारा हजार पाठवितो. ती नागपुरास वास्तुविद्येच्या शेवटच्या वर्षास आहे, आणि वसतिगृह व खानावळ त्याच पैशांवर चालते. आश्विनांत पंपाचे पैसे भरल्यावर त्याच्याकडे ते उरले नाहींत. बहिणीनें आईला कळविलें, भावाला सांगूं नका म्हणून बजावलें, आणि वहिनींनीं भिशी मोडून ते पाठविले. एका पंपासाठीं घरांतल्या तिघांनीं एकमेकांपासून गोष्ट झांकली. मीं हें पुतण्यापुढें ठेवलें तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग एवढेंच म्हणाला, "काका, मला वाटलें होतें दोन-चार दिवसांनीं पाठवीन, मग मी विसरलों."

वर्षाची बेरीज ३ लाख ७७ हजार झाली. किलोमीटरमागें जवळजवळ बेचाळीस रुपये. टायर, ब्रेक, गिअरचें तेल हीं कामें दरवर्षीं निघत नाहींत हें खरें. तीं त्यांच्या त्यांच्या आयुष्यावर वांटून, अवचित दुरुस्तीसाठीं चाळीस हजार धरले, तर साल सरासरी २ लाख ४० हजार येते, म्हणजे महिना वीस हजार. गाडीच्या किंमतींत झालेली घट व गुंतलेल्या रकमेचें बुडालेलें व्याज यांत धरलेलें नाहीं. तें धरलें असतें तर मातोश्रींनीं मला वही मिटावयास सांगितलें असतें.

आमच्या घरांतून मत पडलें कीं गाडी विकावी. मला तें पटलें नाहीं. मोठाले खर्च नुकतेच होऊन गेलेले. आज विकली तर नवे टायर व नवा पंप यांचा लाभ पुढच्या धन्याला होणार आणि घेणारा त्याचे पैसे देणार नाहीं. शिवाय मुलगा दारू पीत नाहीं, कोणाचें कर्ज काढलेलें नाहीं. एक गाडी त्याला मनापासून आवडते. म्हणून असें ठरलें : पगार झाला कीं प्रथम बहिणीचे बारा हजार, त्यानंतर गाडीच्या निराळ्या खात्यांत वीस हजार, आणि पेट्रोल व विमा त्याच खात्यांतून. खात्यांत साठ हजारांहून कमी असतील तेव्हां गाडी गांवाबाहेर न्यावयाची नाहीं. लागोपाठ दोन महिने खात्यांत भर पडली नाहीं तर गाडी विकावयाची, आणि त्यावर पुन्हां चर्चा नाहीं. अट त्यानें स्वतःच्या हातानें वहींत लिहिली. वहिनींचे बारा हजार त्याच आठवड्यांत परत केले. त्यांनीं ते पुन्हां भिशींत घातले.

ज्यांच्या घरीं अशी खरेदी घाटत असेल त्यांनीं जुन्या दुरुस्त्यांच्या पावत्या मागाव्या, एंजिन पूर्ण थंड असतांना सकाळीं सुरू करून त्याचा आवाज ऐकावा, त्रयस्थ कारागिराकडून गाडीच्या संगणकांतील दोषांची नोंद वाचून घ्यावी, आणि किंमतीच्या निदान चौथा हिस्सा रोकड हातीं राखून मगच सौदा करावा. आमच्या गाडीची टायमिंगची सांखळी तपासावयाची आहे. कारागिरानें मार्गशीर्षांतली तारीख दिली आहे, आणि खात्यांत सध्यां चौऱ्याऐंशी हजार आहेत.