फोटो स्टॉपवर विकलेली इटली

उन्हाळी सहलींच्या जाहिराती वर्तमानपत्रांत झळकू लागल्या की मी आधी इटलीचा कार्यक्रम वाचतो, आणि दरवर्षी तोच संताप होतो. पहिल्या दिवशी रोम: कोलोसियम बाहेरून, ट्रेव्ही कारंजं, व्हॅटिकनचा चौक. दुसऱ्या दिवशी पिसाचा मनोरा आणि फ्लॉरेन्समध्ये पायी फेरी. तिसऱ्या दिवशी व्हेनिस, बोट, काचेचा कारखाना, आणि दुपार कलायच्या आत बस ऑस्ट्रियाच्या रस्त्याला. तीन दिवसांत इटली उरकली. यासाठी माणशी काही लाख रुपये मोजणारे लोक मूर्ख नसतात. आयुष्यभर शाळेत शिकवलेले, बँकेतून निवृत्त झालेले, मुलीने पहिल्या मोठ्या बोनसमधून पाठवलेले आईवडील असतात. त्यांना जे विकलं जातं ती फसवणूक आहे. अटींच्या पानावर सगळं छापलेलं असतं, म्हणून ती फसवणूक नाही असं मी मानणार नाही.

बाहेरून म्हणजे काय ते नीट बघा. कोलोसियम बाहेरून बघणाऱ्याला एक भव्य, अर्धवट पडलेली भिंत दिसते. व्हेस्पासियनने सुरू केलेलं आणि त्याच्या मुलाने, टायटसने, इ.स. ८० मध्ये खुलं केलेलं ते रिंगण आतून वेगळंच आहे. जमिनीखालचे बोळ आणि जनावरं वर उचलून आणणाऱ्या यंत्रांच्या जागा पाहिल्या की एका साम्राज्याने क्रूरतेची किती काटेकोर व्यवस्था लावली होती ते कळतं. त्याच तिकिटात रोमन फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते. व्हॅटिकनचंही तसंच. चौकातून बेर्निनीचे खांब दिसतात, पण मायकेलँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेलं सिस्टाइन चॅपलचं छत संग्रहालयाच्या आत आहे. ते संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतं. आपल्या सहलीचा रोमचा दिवस रविवार आहे का, हे किती जण पैसे भरण्याआधी विचारतात? आणि विचारलं तर काउंटरवरच्या किती जणांना उत्तर देता येतं?

कंपन्या असं का करतात ते समजून घेतलं पाहिजे, कारण त्यात गूढ काही नाही. ही सहल शहरांभोवती आखलेलीच नसते, ती बसभोवती आखलेली असते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बसचालकाला दिवसाला साधारण ९ तासच गाडी चालवता येते, साडेचार तासांनी पाऊण तासाची विश्रांती द्यावी लागते आणि रात्रीची विश्रांतीही सक्तीची असते. नियम उत्तम आहे, चालकाच्या आणि प्रवाशांच्या जिवाचा आहे. पण त्याचा अर्थ असा की सकाळी आठला निघालेल्या बसची संध्याकाळ आधीच ठरलेली असते. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागात मोठ्या बसना शिरता येत नाही, म्हणून चाळीस-पंचेचाळीस माणसं लांब उतरवायची, झेंड्यामागून चालवायची आणि परत मोजून बसमध्ये भरायची. हॉटेलही बसच्या सोयीचं लागतं. फ्लॉरेन्स म्हणून कार्यक्रमात छापायचं आणि मुक्कामाला न्यायचं माँतेकातिनीला, चाळीसेक किलोमीटरवर. व्हेनिस म्हणून छापायचं आणि झोपवायचं खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर, हमरस्त्याच्या कडेला. इटलीतली संध्याकाळ हे त्या देशाचं सर्वांत मोठं वैभव आहे. उन्हं उतरली की सगळं गाव चौकात येतं, म्हातारे बाकांवर बसतात, पोरं चेंडू खेळतात. नेमक्या त्या वेळी आपली माणसं महामार्गावरच्या हॉटेलात पनीरच्या भाजीची वाट बघत असतात.

जेवणाचं एकदा बोलूनच टाकतो. भारतीय जेवणाची हमी हे या सहलींचं मोठं आकर्षण असतं. मधुमेह असलेल्या, पथ्य असलेल्या, व्रत पाळणाऱ्या माणसाची अडचण खरी आहे आणि तिची चेष्टा मला कधीच पटली नाही. पण शाकाहारी माणसाची उपासमार होईल असे देश युरोपात असतील, इटली त्यांतला नाही. टोमॅटो आणि तुळशीच्या जातीच्या बॅसिलचा पास्ता, चीज आणि मिरीचा रोमन पास्ता, पाव आणि पालेभाज्यांचं तोस्कानाचं घट्ट सूप, नेपल्सचा मार्गेरिता पिझ्झा: हे सगळं तिथल्या गरिबांचं रोजचं अन्न आहे, जवळपास प्रत्येक गल्लीत मिळतं. (काही चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. काटेकोर शाकाहाऱ्यांनी ते विचारून घ्यावं.) दुपारच्या भारतीय जेवणासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाण्यायेण्यात जे दोन-तीन तास जातात, तेच फ्लॉरेन्सच्या उफिझी कलासंग्रहालयाचे तास असतात.

उफिझीचा मुद्दा मला सर्वांत जास्त झोंबतो. पिसाच्या मनोऱ्याला हाताने आधार दिल्याचा फोटो काढायला अर्धा दिवस देतात आणि उफिझीतल्या बॉत्तिचेल्लीच्या चित्रांना एक तास मिळत नाही. पिसालाही न्याय मिळतो असं नाही. मनोरा कोसळू नये म्हणून १९९० मध्ये तो बंद केला आणि पायाखालची माती हळूहळू काढून, झुकाव कमी करून २००१ च्या अखेरीस पुन्हा उघडला. हा स्थापत्य अभियांत्रिकीतला विलक्षण पराक्रम कुणी सांगत नाही. मनोऱ्याशेजारच्या बाप्तिस्मागृहात निकोला पिसानोने १२६० मध्ये पुरं केलेलं संगमरवरी व्यासपीठ आहे. तिथून इटलीच्या शिल्पकलेने कूस बदलली. गट तिथे आत जात नाही, बस सुटायची असते.

फ्लॉरेन्समध्ये कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट लाकडी कमानींचा आधार न घेता १४२० ते १४३६ या काळात उभा राहिला. त्याच्या दोन कवचांमधून ४६३ पायऱ्या चढत वर जाता येतं. लिफ्ट नाही, म्हणून गुडघ्यांचा विचार आधी करावा. अकादमी संग्रहालयातला मायकेलँजेलोचा डेव्हिड पाच मीटरहून उंच आहे. बाहेरच्या चौकात उभी असते ती नक्कल, आणि तिच्यासमोर फोटो काढून गट पुढे सरकतो. उफिझी आणि अकादमी दोन्ही सोमवारी बंद. एवढी एक गोष्ट लक्षात न घेता आखलेला कार्यक्रम हा कार्यक्रम नव्हेच.

याच फ्लॉरेन्समध्ये मराठी माणसाची एक जागा आहे आणि मी पाहिलेल्या एकाही मराठी सहलीच्या पत्रिकेत ती नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच शहरात वारले. विशीतला राजा. त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. ख्रिस्ती शहरात हिंदू राजाला अग्नी कसा द्यायचा हा प्रश्न तिथल्या अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला आणि त्यांनी परवानगी दिली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, आजच्या काशीने उद्यानाच्या पश्चिम टोकाला, महाराजांचं दहन झालं. चार वर्षांनी तिथे फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला त्यांचा रंगवलेला अर्धपुतळा छत्रीखाली उभा राहिला. शेजारच्या आधुनिक पुलाला आजही भारतीयाचा पूल म्हणतात. शिवछत्रपतींचं नाव घेऊन सहली विकणाऱ्यांना कोल्हापूरच्या गादीवरच्या राजाच्या समाधीपाशी बस थांबवता येत नाही. चामड्याच्या दुकानापाशी मात्र ती न चुकता थांबते. तिथे कमिशन असतं.

व्हेनिसबद्दल बोलताना राग फक्त आपल्या कंपन्यांवर काढून चालणार नाही, कारण हे शहर साऱ्या जगाने मिळून ओरबाडलं आहे. १९५१ मध्ये जुन्या व्हेनिसमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती, आता ५० हजारही उरलेली नाहीत. घरं पर्यटकांना भाड्याने गेली, वाण्याच्या दुकानांत मुखवटे आले. २०२१ मध्ये प्रचंड क्रूझ जहाजांना ज्युदेक्काच्या कालव्यातून हटवलं. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्याला प्रवेशशुल्क आलं, २०२५ मध्ये आयत्या वेळी भरणाऱ्याला ते १० युरो झालं. शहरात मुक्काम करणाऱ्याला ते माफ आहे. २५ पेक्षा मोठे गट आणि ध्वनिक्षेपक यांवरही बंदी घातली. म्हणजे व्हेनिस स्पष्ट सांगतं आहे की मला कसे पाहुणे नकोत. आणि आपण नेमके तेच पाहुणे बनून जातो: तीन-चार तास, सेंट मार्कच्या चौकात धक्काबुक्की, गोंडोलाचा फोटो, मुरानोच्या काचेची फुंकणी पाहून बळजबरीची खरेदी, परत. त्याच शहरात सान रोक्कोच्या सभागृहात टिंटोरेट्टोने वीसेक वर्षं खपून भिंती आणि छतं भरली आहेत. दिवसाचे पाहुणे गेल्यावर रिकाम्या झालेल्या गल्ल्यांतून चालताना हे शहर कुणासाठी बांधलं होतं ते समजतं. यासाठी रात्री व्हेनिसमध्येच राहावं लागतं. खोली महाग पडते, हे खरं. मग दुसरा देश गाळा.

माझं म्हणणं एवढंच आहे. एका खेपेला एक देश, त्यात तीन, फार तर चार शहरं, प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री आणि मुक्काम शहराच्या आत. विमान रोमला उतरणारं आणि व्हेनिस किंवा मिलानहून निघणारं घ्या, म्हणजे उलटा फेरा वाचतो. बस नकोच. रोमहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास, फ्लॉरेन्सहून व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर, रोमहून नेपल्स तासाभराच्या थोडं वर. स्थानकं शहराच्या पोटात आहेत आणि तिकीट लवकर काढलं तर स्वस्त मिळतं.

तिकिटांचं काम मात्र स्वतः करावं लागतं, आणि इथे पर्यटकाला इटलीतही लुटतात. कोलोसियमची तिकिटं घाऊकपणे, संगणकी प्रणाली वापरून उचलून चढ्या भावात विकली जात होती. २०२५ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने तिकीटविक्री सांभाळणाऱ्या संस्थेसह सहल कंपन्यांना मिळून जवळपास २ कोटी युरोंचा दंड केला. आता तिकिटावर नाव असतं, ओळखपत्र दाखवावं लागतं. साधारण महिनाभर आधी विक्री खुली होते, तेव्हा अधिकृत संकेतस्थळावर हजर राहा. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘अखेरचं भोजन’ हे चित्र पाहायला जेमतेम १५ मिनिटं मिळतात, रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात दोन तास. दोन्हीकडे आधी आरक्षण हवंच. पैसे संपले म्हणून कला संपत नाही. रोममध्ये सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये कारावाज्जोची तीन चित्रं फुकट आहेत, सान पिएत्रो इन विंकोलीमध्ये मायकेलँजेलोचा मोझेस फुकट आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत आणि दुपारी दारं बंद असतात, एवढं सांभाळलं की झालं.

“आम्हाला इंग्रजी धड येत नाही, व्हिसाचं जमत नाही,” असं मला नेहमी ऐकवतात. शेंगेन व्हिसाला लागतात ती कागदपत्रं कंपनीही तुमच्याकडूनच घेते: बँकेचे तपशील, ३० हजार युरोंचा विमा, मुक्कामाची आरक्षणं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. रोज नातवंडांशी व्हिडिओवर बोलणाऱ्या माणसाला रेल्वेचं तिकीट काढता येत नाही, हे मला मान्य नाही. चालणं जमत नसेल, एकट्याने जायची भीती असेल तर सहा-आठ माणसांचा ओळखीचा गट करा, किंवा कंपनीकडेच जा, पण पैसे भरण्याआधी लेखी विचारा: हॉटेल कोणत्या रेल्वे स्थानकापासून किती मिनिटांवर? उफिझी आत की बाहेरून? रोमचा दिवस कोणता वार? दुकानात किती वेळ थांबणार?

आणि नेपल्स का नाही, तेही विचारा. १९३८ मध्ये पाँपेईच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, वीतभर उंचीची. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेलेली ती मूर्ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. तगर म्हणून ग्रीकांना ठाऊक असलेलं ते तेर. मराठवाड्याचा आणि रोमन साम्राज्याचा व्यापार कसा चालला होता याचा पुरावा तिथे काचेमागे ठेवलेला आहे. औरंगाबाद-जालन्याहून दरवर्षी भरून जाणाऱ्या बसमधल्या प्रवाशांना कंपनीने हे एकदा तरी सांगितलं आहे का? रोमहून नेपल्सला सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परतता येतं. मंगळवार टाळा, संग्रहालय बंद असतं.